साठीनंतरची वस्ती : मृणालताई गोरे, दिंडोशी आणि स्त्रीच्या उत्तरायुष्याचा प्रश्न

१९८८ हे वर्ष महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात एका कायद्यामुळे लक्षात राहिले. गर्भजलपरीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याच्या प्रकाराला आळा घालणारा देशातील पहिला कायदा त्या वर्षी महाराष्ट्राने केला. स्त्री-संघटनांनी त्यासाठी आधीपासून मोहीम चालवली होती आणि विधानसभेत या प्रश्नावर अशासकीय विधेयक मांडून मृणाल गोरे यांनी तो सरकारच्या दारात नेऊन ठेवला होता. त्याच वर्षी २४ जून रोजी मृणालताईंना साठ वर्षे पूर्ण झाली आणि वर्ष संपता संपता त्या विधानसभेतील विरोधी पक्षनेत्या झाल्या. गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या चढावर, नागरी निवारा परिषदेच्या घरांचा लढाही तेव्हा चालूच होता.

ज्या वयात सरकारी नोकर निवृत्तीची कागदपत्रे आवरून घरी बसलेला असतो आणि बाईच्या हातात जपमाळ किंवा नातवंड यांपैकी एक काहीतरी देऊन समाज मोकळा होतो, त्या वयात एका स्त्रीच्या टेबलावर इतक्या गोष्टी होत्या. मृणालताईंच्या चरित्राचा हा उत्तरार्ध सहसा दोन-चार ओळींत उरकला जातो. ‘पाणीवाली बाई’ ही त्यांची प्रतिमा साठच्या दशकातली, लाटणे मोर्चा सत्तरच्या दशकातला, तुरुंगवास आणीबाणीतला. साठीनंतरच्या चोवीस वर्षांकडे पाहिले की मात्र वेगळा प्रश्न समोर येतो. उतारवयात स्त्रीचे मन कशावर टिकते? तिच्या जगण्याला प्रयोजन कुठून मिळते? हा प्रश्न एकट्या मृणालताईंचा नाही. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या भारतीयांची संख्या दहा कोटींच्या वर गेली आणि त्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक होत्या.

परंपरेतली स्त्रीची साठी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण बायका-पुरुष दोघांनाही लावतो; पण साठीचा संस्कार मात्र पुरुषाचा. षष्ठ्यब्दीपूर्तीची शांत नवऱ्याच्या साठ वर्षांची होते. पत्नी शेजारी पाटावर बसते, तिच्या हाताला दर्भ लागतो, आणि तिचे स्वतःचे साठावे वर्ष कधी सरले ते पुष्कळ घरांत कोणाला आठवतही नाही. विधवेच्या साठीचा तर प्रश्नच उद्भवत नसे.

याची मुळे जुनी आहेत. आश्रमव्यवस्थेत गृहस्थाने केस पांढरे झाले, नातवंड पाहिले, की वानप्रस्थाकडे वळावे असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी मनुस्मृती पत्नीची सोय एका वाक्यात लावते : तिला मुलांच्या हवाली करावे किंवा बरोबर न्यावे. तिला काय वाटते हा मुद्दा तिथे नाही. बाईला स्वतःचा असा चौथा टप्पा नव्हता, कारण तिला निवृत्तीच नव्हती. सून आली की चुलीची सत्ता हाती येई. सुनेची सून आली की तीही जाई. काम तेवढे उरे. शेंगा सोलणे, वाती वळणे, बाळंतिणीला शेकणे, रात्री रडणारे मूल पायांवर घेणे. घराला तिचा उपयोग होता. पण उपयोग आणि प्रयोजन या दोन गोष्टी एक नव्हेत. उपयोग दुसरे ठरवतात. प्रयोजन स्वतःला ठरवावे लागते.

या चौकटीतून बाहेर पडलेल्या मराठी स्त्रिया आपल्याला माहीत आहेत, पण त्यांचे वय आपण क्वचितच मोजतो. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक गेले. ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागली ती १९३४ मध्ये, म्हणजे लक्ष्मीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. ताराबाई मोडक १८९२ च्या. बोर्डीचे ग्राम बाल शिक्षा केंद्र घेऊन त्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांच्या जवळ राहायला गेल्या त्या १९५७ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ प्रसिद्ध झाले १९७० मध्ये. त्या त्रेसष्टीत होत्या. दुर्गाबाई भागवत १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या तेव्हा त्यांनी पासष्टी गाठली होती. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

या चौघींत एक साम्य आहे. साठाव्या वर्षी ‘आता काय करू’ म्हणून त्यांनी काही नवे शोधले नाही. लक्ष्मीबाईंची सांगण्याची हातोटी, ताराबाईंची बालवाडी, गोदावरीबाईंचे डहाणू-तलासरी, दुर्गाबाईंचे ग्रंथालय ही सगळी आधीच्या तीस-चाळीस वर्षांची कमाई होती. साठीनंतर त्यांनी जे केले ते या कमाईवर केले, आणि ते करताना त्यांचा पूर्वीपेक्षा कमी मुलाहिजा होता. मृणालताईंचे उदाहरण याच मालिकेतले आहे. फरक एवढाच, की त्यांच्या कामाचे फळ पुस्तकात किंवा शाळेत नव्हे, एका वस्तीत दिसते.

दिंडोशीपर्यंतची वाट

मोहिल्यांच्या घरातली ही मुलगी डॉक्टर व्हायला निघाली होती. राष्ट्र सेवा दलाच्या ओढीने तिने वैद्यकीय शिक्षण सोडले. १९४८ मध्ये समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी तिचा विवाह झाला आणि दोघांनी गोरेगावात संसार मांडला. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. मृणालताई तीस वर्षांच्या होत्या, पदरी लहान मुलगी होती.

त्या काळातले गोरेगाव म्हणजे मुंबईचे टोकही नव्हे. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरीपर्यंत आली आणि १९५७ मध्ये ती दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली, तेव्हा गोरेगाव शहरात आले. शहरात येणे म्हणजे कर आधी आणि नळ मागाहून. १९६१ मध्ये मृणालताई नगरसेविका झाल्या आणि पाण्यासाठी बायकांना घेऊन महापालिकेवर जाऊ लागल्या. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी दिले ते या दिवसांत. १९७२ मध्ये त्या आमदार झाल्या. त्याच वर्षी अहिल्याबाई रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या स्त्रियांबरोबर महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. थाळ्या वाजवत, लाटणी उगारत गृहिणी रस्त्यावर उतरल्या. आणीबाणीत मृणालताईंनी भूमिगत राहून काम केले, मग तुरुंगवास भोगला. १९७७ च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली.

पाणी, रॉकेल, धान्य. या मागण्यांची यादी पाहिली की ती स्वयंपाकघरातून निघालेली दिसते. समाजवादी राजकारणाची भाषा पुष्कळदा ग्रंथांतून येई. मृणालताईंच्या राजकारणाची भाषा हंड्याची आणि शिधापत्रिकेची होती. त्यामुळे त्यांच्याभोवती जमलेल्या बायकांना आपण ‘समाजकार्य’ करतो आहोत असे वाटण्याची गरज पडली नाही. त्या आपल्याच घरचे काम करायला बाहेर पडल्या होत्या. या यादीतली पुढची मागणी साहजिकच घराची होती.

जमीन, कायदा आणि वाट पाहणे

१९७६ मध्ये केंद्राने नागरी जमीन कमाल धारणा कायदा केला. मुंबईत एका व्यक्तीला जास्तीत जास्त पाचशे चौरस मीटर मोकळी जमीन ठेवता येईल, त्यावरची सरकारने घ्यावी आणि मोबदला चौरस मीटरला दहा रुपयांपेक्षा अधिक नसावा, असा त्याचा गाभा होता. हेतू उघड होता : शहरातली पडीक जमीन थोड्यांच्या हातून काढून अनेकांच्या घरांना द्यायची. पण कायद्यात दोन खिडक्या ठेवल्या होत्या. विसावे कलम सरकारला सार्वजनिक हिताच्या नावाखाली सूट देऊ देई. एकविसावे कलम दुर्बल घटकांसाठी घरे बांधणाऱ्या जमीनमालकाला सवलत देई. व्यवहारात या खिडक्यांतून जेवढी जमीन निसटली त्या मानाने सरकारच्या हाती फार थोडी आली. उपनगरातल्या मोठ्या मालकांच्या, विश्वस्त संस्थांच्या शेकडो एकर जमिनी कागदावर अतिरिक्त आणि प्रत्यक्षात जिथल्या तिथे राहिल्या.

ऐंशीच्या दशकात मृणालताई, प. बा. सामंत आणि त्यांचे सहकारी यांनी नागरी निवारा परिषदेच्या रूपाने या कायद्यालाच हात घातला. मागणी साधी होती : कायदा तुम्हीच केला आहे, जमीन अतिरिक्त आहे हेही तुमच्याच दप्तरात आहे, तर ती कमी उत्पन्नाच्या लोकांना द्या; घरे आम्ही बांधतो, पैसे आम्ही भरतो. फुकटाची मागणी इथे नव्हती. नोंदणी करायची, बचत करायची, हप्ते भरायचे, आणि सरकार, न्यायालय, महापालिका यांच्या फेऱ्या संपेपर्यंत दम धरायचा. अखेर दिंडोशीला साठेक एकर जमीन मिळाली आणि तिथे सहा हजारांवर घरे उभी राहिली. कामगार, कारकून, शिक्षक, परिचारिका, लहान धंदेवाले अशा कुटुंबांना मुंबईच्या हद्दीत स्वतःच्या नावाची घरे मिळाली. आज जनरल अरुणकुमार वैद्य मार्गावरून चित्रनगरीच्या बाजूला जाताना ‘नागरी निवारा’ हा पत्ता रिक्षावाल्याला समजावून सांगावा लागत नाही.

या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे वाट पाहणे. मोर्चाला एक दिवस लागतो. घराला दहा-बारा वर्षे लागतात. मृणालताईंच्या आयुष्यात ही वर्षे पन्नाशीच्या मध्यापासून साठीच्या पुढपर्यंत पसरलेली आहेत. ज्या स्त्रीने पन्नाशी ओलांडल्यावर असे काम हाती घेतले, तिने आपल्या म्हातारपणावर आधीच एक कर्ज काढून ठेवले होते असे म्हणता येईल. साठी आली तेव्हा सहा हजार कुटुंबांचे देणे शिल्लक होते. ते फेडायचे म्हणजे उद्या सकाळी उठायचेच.

सभागृहानंतर

१९९० नंतर मृणालताई कोणत्याच सभागृहात नव्हत्या. त्या बासष्ट वर्षांच्या होत्या आणि पुढे बावीस वर्षे जगल्या. पद गेल्यावर माणसे कशी विरतात हे राजकारणात नेहमी दिसते. फोन थांबतात, दारातल्या चपला कमी होतात, आणि माणूस जुन्या अल्बममध्ये राहायला जातो. स्त्रीच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर असतो : बाहेरचे संपले, आता घरी या, असे म्हणायला सगळे टपलेलेच असतात.

इथे तसे झाले नाही, आणि त्याचे कारण स्वभावात जितके शोधावे तितकेच रचनेतही शोधावे लागते. बंडू गोरे यांच्या नावाने गोरेगावात उभी राहिलेली केशव गोरे स्मारक ट्रस्ट ही वास्तू कोणा मतदारांच्या मर्जीवर नव्हती. तिथे सभा भरत, बायका येत, कार्यकर्ते बसत. संसारात कोंडी झालेल्या स्त्रियांसाठी १९८३ मध्ये सुरू झालेले ‘स्वाधार’ तिथेच काम करी. सासरहून निघून आलेल्या बाईला विधानसभेत कोण निवडून आले याच्याशी काही घेणे नसते. तिला ऐकून घेणारे माणूस हवे असते. असे माणूस होण्यासाठी निवडणूक लागत नाही, आणि या कामात पांढरे केस भांडवलासारखे उपयोगी पडतात. समोरची मुलगी तिशीतल्या समुपदेशकाशी जपून बोलते. आजीच्या वयाच्या बाईसमोर ती रडते.

नव्वदच्या दशकात दाभोळच्या एन्‍रॉन वीजप्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात मृणालताई उतरल्या. वीजखरेदीचा करार, त्याचा दर, राज्याच्या तिजोरीवर पडणारा भार यांवर बोलायचे तर आकड्यांचा नवा अभ्यास करावा लागत होता. पासष्टी-सत्तरीच्या दरम्यान त्यांनी तो केला. पाण्याच्या आणि रॉकेलच्या हिशेबावर पोसलेल्या बाईला विजेचा हिशेब अगदीच परका नव्हता. हा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि राज्याला केवढ्याला पडला हे पुढे सर्वांनी पाहिले. १७ जुलै २०१२ रोजी वसईत, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मृणालताई गेल्या.

मनाचे शास्त्र काय सांगते

वृद्धत्वाविषयी विसाव्या शतकात दोन विचार एकमेकांसमोर उभे राहिले. एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री या अमेरिकी अभ्यासकांनी १९६१ मध्ये असे मांडले, की वय वाढते तसे माणसाने समाजातून आणि समाजाने माणसातून हळूहळू अंग काढून घेणे ही नैसर्गिक आणि दोघांच्या सोयीची गोष्ट आहे. आपल्या वानप्रस्थाची ही विद्यापीठीय आवृत्तीच. १९७० मध्ये सिमॉन द बोव्हार यांनी, स्वतः बासष्टीत असताना, म्हातारपणावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याला उलट उत्तर दिले : आयुष्याला अर्थ देणारी उद्दिष्टे, मग ती माणसांविषयीची असोत की कामाविषयीची, शेवटपर्यंत धरून ठेवणे हाच म्हातारपण केविलवाणे होऊ न देण्याचा मार्ग आहे. त्याच वर्षी फिलाडेल्फियात मॅगी कून या बाईंना पासष्टी झाली म्हणून नोकरीतून सक्तीने निवृत्त केले गेले; त्यांनी सोबतिणी गोळा करून ‘ग्रे पँथर्स’ ही ज्येष्ठांची चळवळ सुरू केली. पुढे १९८९ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरल रिफ यांनी मानसिक स्वास्थ्याची सहा अंगे सांगितली. स्वतःचा स्वीकार, इतरांशी चांगले नाते, स्वायत्तता, भोवतालावर पकड, आयुष्याचे प्रयोजन आणि वाढत राहणे. ‘आनंदी वाटणे’ एवढ्यावर स्वास्थ्य मोजू नये, हा त्यांचा मुद्दा.

ही सहा अंगे घेऊन आपल्या घरातल्या आजीकडे पाहिले तर चित्र लगेच स्पष्ट होते. नाते तिच्याकडे भरपूर असते. स्वायत्तता आणि भोवतालावर पकड या दोन जागा मात्र रिकाम्या असतात. सकाळी सातला नातवाचा डबा, दुपारी तिसऱ्या मजल्यावरून बसथांब्यापर्यंत चढ-उतार, संध्याकाळी दुसऱ्याने लावलेली मालिका. ती थकते ती कामाने नव्हे. दिवसातला एकही निर्णय तिचा नसतो याने थकते. तिला ‘एखादा छंद लावून घ्या’ असे सांगणे म्हणजे त्या दोन रिकाम्या जागांवर विणकामाची पिशवी ठेवणे.

मृणालताईंच्या उत्तरायुष्याने यावर तीन गोष्टी दाखवून दिल्या आहेत. पहिली, काम स्वतः निवडलेले असावे आणि शक्यतो साठीच्या आधीच सुरू झालेले असावे. मुळे धरायला वेळ लागतो. दुसरी, ते एकटीचे नसावे. लाटणे मोर्चापासून नागरी निवाऱ्यापर्यंत त्या कायम सोबतींच्या घोळक्यात होत्या, आणि वैधव्याची चोपन्न वर्षे त्या घोळक्यात गेली. तिसरी, त्या कामाला घराबाहेर एक जागा असावी. चार भिंती, एक टेबल, दोन बाके, आणि ‘ताई आहेत का?’ असे विचारत कोणीतरी आत येण्याचा संभव.

यावर रास्त आक्षेप असा, की मृणालताई अपवादात्मक होत्या. साऱ्याच बायकांकडून तसे कसे मागता येईल? मागू नयेच. ज्या बाईच्या नावावर घर नाही, जिच्या औषधाचे पैसे मुलाच्या खिशातून येतात, तिला प्रयोजनाचे व्याख्यान देणे ही क्रूर थट्टा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने तिला न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट दिली. मुलाविरुद्ध अर्ज करायला मात्र तिचा हात उचलत नाही. डोक्यावर हक्काचे छप्पर ही मनःस्वास्थ्याची पहिली पायरी आहे, आणि म्हणूनच दिंडोशीची घरे या विषयाच्या बाहेरची गोष्ट ठरत नाहीत.

आज

ज्या कायद्यावर दिंडोशी उभी राहिली तो महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला. त्यामुळे अशी दुसरी वसाहत त्या वाटेने उभी राहणार नाही. भोवतालच्या टेकडीवर काचेच्या इमारती आल्या, महामार्गावर मेट्रो आली. घराचा ताबा घेताना तिशीत असलेली बाई आज साठीच्या पलीकडे आहे. हप्त्यांसाठी तिने घरखर्चातून पैसे मागे ठेवले, सभांना मूल कडेवर घेऊन गेली, कागद सांभाळले. तिच्या पिढीला अर्ज कसा करायचा, अधिकाऱ्याला कसे गाठायचे, दहा वर्षे चिकाटी कशी धरायची हे ठाऊक आहे. दिंडोशीच्या चढाने आता तिचे गुडघे धरले आहेत आणि मुले बहुधा दुसऱ्या उपनगरात किंवा दुसऱ्या देशात आहेत.

या बायकांसाठी काय करावे, असा प्रश्न ज्येष्ठांच्या धोरणात विचारला जातो. या बायकांकडून काय करून घेता येईल, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. महाराष्ट्राच्या सहकारी कायद्याने गृहनिर्माण संस्थेच्या व्यवस्थापन समितीत दोन जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या आहेत. कित्येक संस्थांत त्या जागांवर नाव बाईचे असते आणि बैठकीला नवरा किंवा मुलगा बसतो. पुनर्विकासाचे करार, पाण्याच्या टाक्या, उद्वाहनाची दुरुस्ती, एकट्या राहणाऱ्या शेजारणीची दिवसातून एकदा चौकशी या सगळ्याचे निर्णय त्याच बैठकीत होतात. ज्यांनी हंडे घेऊन महापालिका गाठली आणि सरकारकडून जमीन मिळवली त्या पिढीतल्या बाईला हे अवघड नाही. दिंडोशीत असो की डोंबिवलीत, येत्या वार्षिक सभेत त्या दोन खुर्च्यांवर साठी ओलांडलेल्या दोघींनी स्वतः जाऊन बसावे आणि मागच्या वर्षीचा जमाखर्च वाचायला मागावा.